काकड्याचा उजेड आणि कॅमेऱ्याचा डोळा

कार्तिक हा दीपदानाचा मास होय. कोजागरी उलटली की गावोगावच्या देवळांतून पहाटेचा काकडा सुरू होतो आणि त्रिपुरी पौर्णिमेला त्याची समाप्ती होते. आमच्या चिंचवडगावात पवनेच्या काठी श्रीमोरया गोसावी यांचे समाधिमंदिर आहे. तेथून निघून भोसरी, मोशी मागे टाकून इंद्रायणी ओलांडली की पुढे चाकण आणि चाकणचा चक्रेश्वर. वाटेत एका हाताला देहू राहते, दुसऱ्या हाताला आळंदी. संतांच्या पायधुळीने पुनीत झालेल्या या टापूत १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि त्यापुढील अर्धशतकात शेते मागे हटत गेली, कारखाने थेट चाकणपर्यंत पसरले. तरी काकडा बंद पडला नाही. आजही पहिल्या पाळीचे कामगार जेवणाचा डबा खांबाशी ठेवून काकड्यास उभे राहतात आणि आरतीचे तबक फिरले की गाडी गाठण्यासाठी धावतात.

पोटापाण्यासाठी मराठवाड्यातून, खानदेशातून, विदर्भातून येथे आलेली मंडळी आपापल्या गावच्या चाली बरोबर घेऊन आली. एकच अभंग तीन गल्ल्यांत तीन तऱ्हांनी म्हटला जातो. म्हणणारे थकत चालले, शिकणारे परगावी नाहीतर परदेशी गेले. यामुळेच असेल, पण गेली काही वर्षे कीर्तन आटोपून पागोटे उतरवले की कोणीतरी तरुण जवळ येतो आणि विचारतो, "बुवा, काकडा टिपायचा आहे. अंधारात नीट दिसेल आणि खिशालाही परवडेल असा व्हिडिओ कॅमेरा कोणता घ्यावा?" हरिदासाला विचारण्याचा हा प्रश्न नव्हे, हे आम्हांसही कळते. पण त्याचे उत्तर आम्ही मोठी किंमत देऊन शिकलो आहो, म्हणून या दीपोत्सवाच्या पानावर ते लिहीत आहो.

सहासात वर्षांपूर्वीची गोष्ट. चाकणच्या बाजूच्या एका लहानशा गावात काकड्याच्या समाप्तीला आमचे कीर्तन होते. तेथील भजनी मंडळाचे मुख्य असलेले आबा तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. काकड्याचे सगळे अभंग, भूपाळ्या, गौळणी त्यांना मुखोद्गत होत्या आणि त्यांतील काही चाली त्यांच्याखेरीज कोणाकडेच नव्हत्या. त्यांचा नातू चाकणच्या एका कारखान्यात कामाला. दिवाळीचा बोनस हाती आला तसा त्याने आजोबांसाठी म्हणून एक नवा व्हिडिओ कॅमेरा आणला. खोक्यावर 'चाळीस पट झूम' असे ठळक छापले होते. मंडपात पाच वातींची समई, देवापुढे निरांजन आणि आबांच्या हाती काकडा, एवढाच उजेड. मुलाने दीड तास हात न हलवता चित्रण केले.

दुसऱ्या दिवशी ते पडद्यावर लावले तेव्हा ज्योतीच्या जागी एक पांढरा डाग दिसला, भोवती काळोख आणि त्या काळोखात मुंग्या चालाव्यात तशी करड्या कणांची वळवळ. चेहरा म्हणून काही नाहीच. मुलगा म्हणाला, "बुवा, आवाज आहे, आबा नाहीत."

पुन्हा एकदा करून पाहू म्हणून त्याने मांडववाल्याकडून पाचशे वॅटचा हॅलोजन आणला. आबा नेहमीच्या जागी बसले, दिवा लागला, त्यांनी डोळ्यांवर आडवा हात धरला. दोन चरण झाले. तिसऱ्याला चाल सुटली. जन्मभरात ती कधी सुटली नव्हती. "अरे, देव दिसेना झाला की," एवढेच बोलून त्यांनी वीणा खाली ठेवली. आम्ही तेथेच होतो आणि दिवा आणण्याच्या बेताला आमचाही होकार होता, हे येथे कबूल केले पाहिजे. पौषात आबा गेले.

तेव्हापासून आमचा एकच आग्रह राहिला आहे. कॅमेऱ्यासाठी देवाचा दिवा बदलू नये. दिव्याला साजेसा कॅमेरा निवडावा. तो निवडता येतो आणि फार महागही पडत नाही. फक्त तो ज्या गुणांवर निवडायचा ते गुण खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले नसतात.

आधी दिव्याचेच माप घेऊ. प्रकाश मोजण्याचे परिमाण लक्स. मेणबत्तीच्या ज्योतीपासून एक मीटर अंतरावर जेवढा उजेड पडतो तो सुमारे एक लक्स. तेलवात तिच्याहून थोडी मंदच, म्हणून पाच वातींच्या समईचा मीटरभरावर चार-पाच लक्स उजेड धरावा. पौर्णिमेचे चांदणे एक लक्सच्याही खाली असते, भर दुपारचे ऊन एक लाखापर्यंत जाते. आपला डोळा या दोन्ही टोकांना तक्रार न करता पाहतो, म्हणून समईच्या उजेडात किती थोडे तेज आहे हे आपल्या ध्यानात येत नाही. कॅमेऱ्याच्या मात्र ते तत्काळ ध्यानात येते.

दर्शनशास्त्रांत अंधाराविषयी एक जुना वाद आहे. वैशेषिकांनी नऊ द्रव्ये मानली, त्यांत अंधार नाही. त्यांच्या मते अंधार म्हणजे तेजाचा केवळ अभाव. भाट्ट मीमांसकांना हे मान्य नाही. अंधार काळा दिसतो आणि हलताना दिसतो, म्हणजे त्याला रूप आहे, क्रिया आहे. तेव्हा ते दहावे द्रव्यच, असे ते म्हणतात. विद्यार्थ्यांना तर्कसंग्रह शिकवताना आम्ही जन्मभर नैयायिकांची बाजू मांडली. त्या मुलाच्या कॅमेऱ्याने मीमांसकांची घेतली. अंधाराला त्याने रूपही दिले आणि क्रियाही.

हे कण येतात कोठून? भिंगामागे ज्यावर चित्र उमटते त्या चकतीला सेन्सर म्हणतात. तिच्यावर पुरेसे तेज पडले नाही की कॅमेरा आतल्या आत विजेने चित्र फुगवतो. या फुगवण्याचे माप म्हणजे आयएसओ. दूर बसलेल्या गायकाचा आवाज ऐकू यावा म्हणून कर्ण्याची पट्टी वाढवावी तर खरखरही तितकीच वाढते, तसाच हा प्रकार. म्हणून पहिली गोष्ट पाहायची ती सेन्सरचा आकार. चाळीस पट झूमचे स्वस्त हँडीकॅम अंधारात फसतात, कारण त्यांच्या पोटातला सेन्सर तांदळाच्या कणीएवढा असतो. ज्याला 'एक इंची' म्हणतात तो प्रत्यक्षात १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटर भरतो (इंच कोठे गेला हे कंपन्यांनाच ठाऊक). त्याच्यापुढचा 'एपीएस-सी' सुमारे २३.५ गुणिले १५.६ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने तिपटीहून मोठा. पाऊस तोच, पण एकाने अंगणात वाटी ठेवली आणि दुसऱ्याने परात, तर पाणी कोणाकडे अधिक साठेल हे सांगायला नको.

दुसरी गोष्ट भिंगाचे तोंड. त्याचा आकडा इंग्रजी 'एफ' या अक्षरापुढे लिहितात आणि तो जितका लहान तितके तोंड मोठे. येथे नवखे हमखास चुकतात. उजेड आकड्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात येतो, त्यामुळे १.८ च्या भिंगातून ३.५ च्या भिंगापेक्षा जवळजवळ चौपट आणि ५.६ च्या भिंगापेक्षा साडेनऊपटीहून अधिक प्रकाश आत जातो. कॅमेऱ्याबरोबर खोक्यात मिळणारे झूमचे भिंग बहुधा ३.५ ते ५.६ चे असते. दूरचे जवळ आणायला गेले की ते आपोआप ५.६ वर येते आणि गाभारा काळवंडतो. म्हणून आमचे मत असे की, काकड्यासाठी झूमचा मोह सोडावा आणि न सरकणारे, मोठ्या तोंडाचे एक साधे भिंग घ्यावे. एपीएस-सी कॅमेऱ्याला ३० ते ३५ मिलिमीटरचे भिंग लावून तीन मीटरवर तिपाई मांडली की सुमारे दोन-सव्वादोन मीटर रुंदीचे दृश्य मावते. वीणेकरी, मृदंगी आणि एक टाळकरी त्यात नीट बसतात. गाभारा फारच अरुंद असेल तर १६ मिलिमीटरचे बरे.

आता नावे सांगितल्याविना वाचक सोडणार नाहीत. सोनीचा झेडव्ही-ई१० हा २०२१ साली आला तेव्हा भिंगाविना त्याची किंमत साठ हजारांच्या आसपास होती. त्याचा सेन्सर एपीएस-सी आहे आणि त्याला सिग्मा कंपनीचे ३० मिलिमीटर, एफ १.४ चे भिंग बसते. त्याच कंपनीचा २०२० सालचा झेडव्ही-१ एक इंची सेन्सरचा आहे. त्याचे अंगचेच भिंग १.८ ते २.८ चे असल्याने वेगळे भिंग घ्यावे लागत नाही. कॅननचा २०१८ सालचा एम५० हाही एपीएस-सी, त्याला २२ मिलिमीटर, एफ २ चे चिमुकले भिंग शोभते. यांपैकी कोणताही जुना मिळाला तर अवश्य पाहावा. चित्रणाला सेन्सर आणि भिंगच लागते; नवेपणा लागत नाही. आणि एका घराला हा खर्च जड वाटत असेल तर भजनी मंडळाने वर्गणी काढावी. मृदंगाची पुडी बदलायला निघते, तशी ही निघेल.

पण जुना कॅमेरा दुकानाच्या ट्यूबलाइटखाली पारखू नये. आम्ही त्या मुलाला घेऊन चिंचवडच्या एका दुकानात गेलो तेव्हा पिशवीत निरांजन, फुलवात आणि काडेपेटी होती. दुकानदार आधी हसला. "दिवे मालवा," असे आम्ही म्हटल्यावर मात्र गंभीर झाला आणि शटर अर्धे ओढून त्याने खरोखरच दिवे मालवले. निरांजन लावून त्यामागे तो स्वतः बसला. चार कॅमेऱ्यांनी त्याचा चेहरा टिपला आणि चारही चित्रे ओळीने पाहिली. पंधरा मिनिटांत जे कळले ते माहितीपत्रके वाचून कळले नसते. भिंगातून विजेरीचा झोत आरपार टाकून कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात का तेही पाहावे. आपल्याकडच्या पावसाळी हवेत भिंगांना बुरशी धरते आणि ती धरली की ज्योतीभोवती धुके पसरते.

एक अडचण कीर्तनकारांनाच ठाऊक असायची. मुख्यतः छायाचित्रांसाठी बनलेले कित्येक कॅमेरे २९ मिनिटे ५९ सेकंद झाली की मुकाट्याने बंद पडतात. युरोपात अर्ध्या तासाहून अधिक सलग चित्रण करणाऱ्या यंत्रावर जास्त जकात बसत असे, म्हणून ही मर्यादा घातली गेली. ती जकात पुढे गेली, पण त्या काळातले कॅमेरे बाजारात आहेतच. ब्रुसेल्सच्या जकातीपायी चिंचवडच्या हरिदासाचा पूर्वरंग अर्ध्यावर तुटावा, हा कलियुगाचा महिमा! विकत घेण्याआधी सलग तासभर चालवून पाहावे. तापून बंद पडणारे यंत्रही तेव्हाच ओळखू येते.

"मोबाइल आहे की घरात, मग हे सारे कशाला?" असे गृहिणी विचारतील. प्रश्न रास्त आहे. मोबाइल रात्रीचे छायाचित्र सुरेख काढतो, कारण तो एकामागून एक अनेक चित्रे घेऊन ती एकत्र करतो. चलच्चित्रात ही सवलत मिळत नाही. प्रत्येक चित्राला सेकंदाचा पंचविसावा भाग, फार तर तेवढाच वेळ. तरी ज्यांना एवढेच साधन आहे त्यांनी मुख्य भिंगच वापरावे आणि झूम न करता स्वतः चार पावले पुढे जावे. अंधारात झूम केल्यावर पुष्कळ मोबाइल मुख्य भिंगाचेच चित्र कापून मोठे दाखवतात, त्याने लाभ काही होत नाही. एके काळच्या काही हँडीकॅमना अदृश्य किरणांनी अंधारात पाहण्याची सोय होती. तिच्यात सगळे हिरवट दिसे. त्या सोयीने टिपलेली गजाननाची एक मूर्ती आम्ही पाहिली आहे. शेंदूर हिरवा झालेला पाहवला नाही.

दिवा आणि कॅमेरा यांचा हा झगडा आपल्या मुलखाला नवा नाही. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, संस्कृत शास्त्र्याच्या घरचे. १९१२ साली ते विलायतेस गेले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले आणि १९१३ च्या मे महिन्यात मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. त्या काळची फिल्म मंद, म्हणून चित्रण सूर्यप्रकाशात. पुढे साठ वर्षांनी, १९७५ च्या 'बॅरी लिंडन' या इंग्रजी चित्रपटात स्टॅन्ली कुब्रिक या दिग्दर्शकाने केवळ मेणबत्त्यांच्या उजेडात प्रसंग टिपले. त्यासाठी त्याने अमेरिकेच्या नासा संस्थेकरिता झाइस कंपनीने घडवलेली ५० मिलिमीटर, एफ ०.७ ची दुर्मीळ भिंगे मिळवली. त्याच्या फिल्मची संवेदनशीलता प्रक्रियेत वाढवूनही २०० भरत होती. आजचा साधा एपीएस-सी कॅमेरा ३२०० आयएसओवर समाधानकारक चित्र देतो, म्हणजे सोळापट. १.८ चे भिंग ०.७ पेक्षा साडेसहा पटींनी मंद असले तरी वजाबाकी होऊन आपल्याच पदरी दुपटीहून अधिक उरते. जे साधायला त्या काळी चांद्रमोहिमेच्या तोडीचे भिंग लागले, ते आज भजनी मंडळाच्या वर्गणीत बसते.

तरीही हिशेब नेमका ठेवावा. ३२०० आयएसओ, १.८ चे भिंग आणि सेकंदाचा पन्नासावा भाग असे योजले तर चेहरा पूर्ण उजळण्यास सुमारे बारा-तेरा लक्स लागतात. समई मीटरभरावर चार-पाचच देते. येथे हॅलोजन आठवतो. पण उजेड अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. समई मीटरावरून अर्ध्या मीटरावर, म्हणजे हातभर अंतरावर आणली की तोच उजेड चौपट होतो. दिवा तोच, तेल तेच, वाती पाचच. समई गायकाकडे सरकवायला कोणत्याही शास्त्राची आडकाठी नाही. गाभाऱ्यातील दिव्याला मात्र हात लावू नये, आणि संस्थानच्या विश्वस्तांना व पुजाऱ्यांना आधी विचारल्यावाचून तेथे कॅमेरा नेऊ नये. पुष्कळ देवस्थानांत मनाई असते आणि ती पाळलीच पाहिजे.

सेकंदाचा पन्नासावा भाग म्हटले त्याला कारण आहे. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, तिच्यावरचे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. सेकंदाला पंचवीस चित्रे आणि प्रत्येकास पन्नासावा भाग, असा मेळ बसवला की सभामंडपातील ट्यूबचे पट्टे चित्रावर येत नाहीत. रोषणाईच्या स्वस्त माळा तरीही लुकलुकतात. त्या मालवणे हाच उपाय. उजेडाचे गणित 'स्वयंचलित'वर सोडू नये. कॅमेरा भोवतीचा काळोख पाहून सारे उजळायला जातो आणि ज्योतीचा गोळा करतो. चेहऱ्यावर नजर ठेवून हाताने एकदा जुळवावे आणि मग हलवू नये. भिंगाची स्पष्टताही तशीच हाताने. नाहीतर धुपाचा धूर आला की यंत्र मागेपुढे चाचपडत बसते. रंगाचा आकडा २८०० ते ३००० केल्विनच्या दरम्यान ठेवावा. स्वतःवर सोडले तर कॅमेरा समईचा पिवळा उजेड पांढरा करू पाहतो आणि काकड्याची पहाट इस्पितळातल्या दुपारसारखी दिसू लागते.

आणि आवाज वेगळा मुद्रित करावा. गायकाजवळ एक लहानसे ध्वनिमुद्रक यंत्र ठेवले की झाले. एवढ्यावर आम्ही फार लिहीत नाही, पण विसरू मात्र नये. आमच्या चिंचवडचे चापेकर बंधू सर्वांना ठाऊक आहेत. त्यांचे वडील हरिपंत हे हरिदास, आणि मुले त्यांच्या कीर्तनात साथीला असत. १८९७ साली रँडचा वध झाला तेव्हा हिंदुस्थानात ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठी ध्वनिमुद्रण सुरू झालेले नव्हते, ते १९०२ मध्ये झाले. ती कीर्तने कशी रंगत असतील, कोणत्या चालीवर साकी म्हटली जाई, याची कल्पनाच करावी लागते. या गावात कीर्तनाला उभे राहताना आम्हांस ते अनेकदा आठवते.

आबांच्या गावी यंदा त्रिपुरीला समाप्तीचा काकडा आहे. कॅमेरा मंडपाच्या उजवीकडच्या दुसऱ्या खांबाशी, पालखीच्या वाटेबाहेर लावायचा ठरला आहे. समई हातभर पुढे येईल, हॅलोजन मांडवातच येणार नाही. नातवाने पहिल्या पाळीची रजा टाकली आहे. आबांच्या चालीतला अभंग त्याचा धाकटा भाऊ म्हणणार आहे; चाल त्याने आजोबांच्या त्या चित्राविना उरलेल्या आवाजावरून बसवली. तिसऱ्या चरणाला अजून अडखळतो. कालच सायंकाळी येऊन आमच्यापुढे तो चार वेळा म्हणून गेला.